परसातली बंदूक आणि तिचा नेम

नवी एअर रायफल खोक्यातून काढली की ती सरळच मारणार, असं घेणाऱ्याला वाटतं. दहा मीटरवर पुठ्ठा लावून पहिला छर्रा मारला की तो चार बोटं डावीकडे लागतो, दुसरा त्याच्याही खाली, आणि तिसरा कुठे गेला ते कळतच नाही. मग विकणाऱ्याला शिव्या बसतात. कारखान्यातून बंदूक नेम बसवून येत नसते. ती घेणाऱ्याने, आपल्या नजरेला, आपल्या छर्ऱ्याला आणि आपल्या अंतराला बसवून घ्यायची असते. नेमबाज याला ‘झीरो करणं’ म्हणतात. हे प्रकरण त्या कामाबद्दल आहे. पैठणसारख्या गावात त्या कामाला जोडून येणाऱ्या काही गोष्टींबद्दलही आहे, कारण पैठणला ही बंदूक घेणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा पुठ्ठा नसतो. परसात बिळं पाडणारी घूस असते, मोसंबीच्या बागेतले पोपट असतात, नाहीतर माळवदावर घाण करणारी कबुतरं असतात.

आधी यंत्र समजून घेऊ. आपल्याकडे सर्वांत जास्त खपते ती नळी मोडून भरायची बंदूक. नळी बिजागरीवर खाली वाकवली की आतला दट्ट्या मागे सरकतो, जाड पोलादी स्प्रिंग दबते आणि खटक्यात अडकते. उघड्या झालेल्या नळीच्या तोंडात छर्रा बसवायचा, नळी पुन्हा सरळ करायची. घोडा ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे झेपावतो, त्याच्यापुढची हवा कोंडते आणि ती छर्ऱ्याला नळीबाहेर ढकलते. बंदुकीत आधीपासून साठवलेली हवा नसते. प्रत्येक बाराची हवा त्या त्या वेळी दाबली जाते, आणि ती दाबायची ताकद तुमच्या दंडातून आलेली असते.

छर्रा शिशाचा, ४.५ मिलिमीटर व्यासाचा, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. आकार डमरूसारखा: पुढे डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर. हवेच्या दाबाने तो घेर फुलतो आणि नळीतल्या पिळांना घट्ट धरतो, त्यामुळे छर्रा स्वतःभोवती फिरत बाहेर पडतो. वेग सेकंदाला २०० मीटर धरला तर त्याची ऊर्जा १० ज्यूल भरते. पॉइंट टू-टू रायफलची साधी गोळी सुमारे दीडशे ज्यूल घेऊन निघते, म्हणजे त्या मानाने हा छर्रा लहानच. पण डोळा कायमचा घालवायला याच्या कितीतरी कमी ऊर्जा पुरते, हे विसरायचं नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवान्यातून सूट आहे. परवाना लागत नाही म्हणूनच ती घरोघर पोचली. आपल्याकडे ती बनवणाऱ्यांत वालचंद समूहाची इंडियन ह्यूम पाइप कंपनीही होती. धरणांची आणि शहरांची पाण्याची नळकांडी बनवणारी, १९२६ साली सुरू झालेली ही कंपनी बंदुकीच्या नळ्याही करत असे, याची मला मोठी मौज वाटत आली आहे.

आता नेम. नळीच्या टोकाला माशी असते आणि मागे खाच. खाचेच्या बरोबर मध्ये माशी, माशीचा माथा खाचेच्या वरच्या कडेला समांतर, आणि त्या माथ्यावर लक्ष्य टेकलेलं, अशी मांडणी जमली की नजरेची रेषा ठरली. ही रेषा अगदी सरळ असते. छर्ऱ्याची वाट मात्र सरळ नसते. नळीतून सुटल्या क्षणापासून गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतं. शिवाय डोळ्याची रेषा नळीच्या वर असते. साध्या माशीची असेल तर दीड-दोन सेंटिमीटर, दुर्बीण बसवली असेल तर चार किंवा जास्त. म्हणून नळीचं तोंड नजरेच्या रेषेच्या मानाने किंचित वर करावं लागतं. छर्रा खालून येतो, नजरेच्या रेषेला भेटतो आणि पुढे पुन्हा तिच्याखाली उतरतो. ही भेट कोणत्या अंतरावर घडवायची ते ठरवणं म्हणजेच नेम बसवणं.

थोडं गणित केलं तर हे डोळ्यांपुढे येतं. २०० मीटर वेगाने निघालेला छर्रा, वाटेत हवेमुळे वेग गमावत, १० मीटरवर नळीच्या रेषेपासून जेमतेम सव्वा सेंटिमीटर पडतो. २० मीटरवर साडेपाच आणि ३० मीटरवर तेरा-चौदा. अंतर तिप्पट झालं, पण पडझड दसपट झाली. माशी नळीच्या दोन सेंटिमीटर वर असलेली बंदूक १० मीटरला बसवली, तर १५ मीटरवरही छर्रा जवळजवळ तिथेच लागतो आणि २० मीटरवर सेंटिमीटरभर खाली. परसासाठी यापेक्षा सोयीचं काही नाही. तीच बंदूक चार सेंटिमीटर उंच दुर्बीण लावून २० मीटरला बसवा. आता १३ मीटरवर एक भेट होते आणि २० मीटरवर दुसरी; मधल्या टप्प्यात छर्रा केसभर वर असतो. ३० मीटरवर तो तीन सेंटिमीटरांहून जास्त खाली जातो. आणि पाच मीटरवर, जिथे चुकणं अशक्य वाटतं, तिथे तो जवळपास दोन सेंटिमीटर खाली लागतो. दुर्बिणीतून इतक्या जवळचं लक्ष्य मोठं दिसतं म्हणून माणूस निर्धास्त असतो. मग ‘हातभरावरून कसा चुकला’ म्हणून दुर्बिणीला दोष देतो.

म्हणून पहिली गोष्ट टेप घेऊन परस मोजायची. उभं कुठे राहणार, लक्ष्य कुठे, मागे काय. पैठणच्या जुन्या वस्तीतल्या परसात दहा-बारा मीटरही मोकळे मिळाले तरी नशीब. मग तेवढ्यालाच बंदूक बसवा. शेजारच्या गावच्या मित्राने त्याची २५ मीटरला बसवली असेल, त्याचं अनुकरण करून काही मिळणार नाही.

बसवायची रीत साधी आहे, फक्त धीर लागतो. नव्या बंदुकीच्या दट्ट्याच्या कोठीत तेल असतं. दबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटतं, अगदी डिझेल इंजिनात पेटतं तसंच. सुरुवातीचे बार मोठा आवाज करतात, नळीतून धूर निघतो, वेग वरखाली होतो. हे थांबेपर्यंत माशीला हात लावण्यात अर्थ नाही. याच कारणाने त्या कोठीत घरचं मशीनचं तेल सोडायचा उपद्व्याप करू नये. त्या स्फोटांनी दट्ट्याची वाटी आणि स्प्रिंग दोन्ही जातात. छर्रा न घालता घोडा ओढणंही तितकंच वाईट. पुढे हवेची उशी नसल्याने दट्ट्या थेट लोखंडावर आपटतो.

धूर थांबला की एकाच जातीचे छर्रे घ्या. डबा बदलला की नेम बदलतो. अर्ध्या ग्रॅमच्या वस्तूत थोडासा फरकही खूप असतो. एकाच ठिपक्यावर पाच छर्रे मारा, पाचही झाल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका. एका भोकावरून स्क्रू फिरवणारा माणूस दिवसभर फिरवतच राहतो, कारण तो बंदुकीच्या नव्हे, स्वतःच्या चुकीच्या मागे धावत असतो. पाच भोकं झाली की त्यांचा मध्य पाहा. खाच त्या दिशेला सरकवा जिकडे छर्रा न्यायचा आहे: छर्रे डावीकडे पडत असतील तर खाच उजवीकडे, खाली पडत असतील तर वर. माशी सरकवायची असेल तर उलट. माशी आणि खाच यांत ४५ सेंटिमीटर अंतर असेल, तर खाच एक मिलिमीटर हलवल्यावर १० मीटरवरचा मारा दोन सेंटिमीटरांहून थोडा जास्त सरकतो. म्हणून अर्धा आटा फिरवा, पुन्हा पाच मारा. घाई करणाऱ्याचा डबा लवकर संपतो.

पाच भोकं जवळ जवळ पडली पण चुकीच्या जागी, तर दोष माशीचा. पाचही पाच दिशांना गेली, तर माशी निर्दोष आहे आणि धरण्यात चूक आहे. या बंदुकीची खरी खोच इथे आहे. सैन्यातून किंवा पोलिसांतून आलेले लोकही या जागी अडखळतात. घोडा ओढल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत सेकंदाचा साधारण शंभरावा भाग जातो. तेवढ्या वेळात जड दट्ट्या पुढे धावतो, म्हणून बंदूक मागे सरकते. मग दट्ट्या थांबतो आणि बंदूक झटक्याने पुढे येते. छर्रा याच गोंधळात नळीतून निघत असतो. बंदूक खांद्यात दाबून, मुठीत आवळून धरली, तर प्रत्येक वेळी आवळण्याचा जोर वेगळा, म्हणून हिसकाही वेगळा आणि छर्ऱ्याची दिशाही वेगळी. उपाय असा की आवळायचंच नाही. दस्त्याखाली उघडा तळहात, बोटं मिटायची नाहीत, खांद्याला नुसता स्पर्श. बंदुकीला तिचा हिसका घेऊ द्यायचा. तो दर वेळी सारखाच असतो. नळी विटेवर किंवा भिंतीवर टेकवून मारली तर नेम आणखीच बिघडतो. वाळूचं पोतं टेकायला घेतलंत तर त्यावर हात ठेवा आणि हातावर दस्ता. आणि या दुहेरी हिसक्याने साध्या रायफलीची चांगली दुर्बीणही काही दिवसांत मोडते. त्या दुर्बिणी मागच्या धक्क्यासाठी बनवलेल्या असतात, पुढच्या नाही.

दस्त्याचे स्क्रू ढिले होतात, तेही आधी तपासावेत. बिजागरीची नळी थोडी जरी हलत असेल, तर कोठीवर बसवलेली दुर्बीण कामाची नाही. तिला नळी हललेली कळतच नाही. खाच आणि माशी दोन्ही नळीवर असतील तर दोघी बरोबरच हलतात, म्हणून स्वस्त बंदुकीला साधी माशीच बरी, असं माझं मत आहे. छर्रा बसवताना मोडलेली नळी एका हाताने धरूनच ठेवायची. ती धरली नाही आणि खटका सुटला, तर नळी फटकन वर येते आणि त्यात बोटं सापडतात.

मारायचं ते अशा जागी, जिथे छर्रा थांबेल. पैठणच्या वाड्यांच्या भिंती काळ्या दगडाच्या, अंगणात फरशी. त्यावरून छर्रा उलटून येतो. जुन्या कपड्यांनी गच्च भरलेली लाकडी पेटी किंवा मातीचं पोतं मागे हवं, डोळ्यांवर चष्मा हवा. तिरका वर गेलेला छर्रा दोन-तीनशे मीटर जातो, म्हणजे दाट वस्तीत पाच-सहा गल्ल्या ओलांडतो. कौलावरच्या, तारेवरच्या कशावरही मारायचं नाही, हा नियम तिथून येतो. छर्रे शिशाचे असल्याने नंतर हातही धुवायचे.

हे सगळं करून नेम बसला. आता मारायचं कशावर?

पैठण गोदावरीच्या उत्तर काठावर आहे आणि गावाच्या वरच्या अंगाला जायकवाडीची भिंत. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते तिची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. मागे साचलेल्या नाथसागराच्या उथळ काठांवर हिवाळ्यात पाणपक्ष्यांचे थवे उतरू लागले आणि १९८६ मध्ये सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. रोहित येतात, पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात. म्हणजे पैठणचा माणूस बंदूक खांद्याला लावून सहज म्हणून धरणाच्या काठाने चालू लागला, तर तो थोड्याच वेळात अभयारण्यात शिरलेला असू शकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. आणि या कायद्यातली शस्त्राची व्याख्या शस्त्र परवान्याच्या नियमांहून फार रुंद आहे. प्राण्याला इजा करू शकेल असं कोणतंही साधन तिच्यात येतं. जाळं येतं, फासा येतो, विष येतं. ‘हिला लायसन लागत नाही’ हे वाक्य तिथे उपयोगी पडत नाही.

अभयारण्याबाहेरही, आपल्याच बागेत, पोपटावर छर्रा मारणं ही शिकार ठरते. पोपट संरक्षित आहे, मोर तर आहेच, मुंगूस आहे, घोरपड आहे, घुबड आहे. शिकारीच्या व्याख्येत जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. ‘उपद्रवी’ प्राण्यांची जी यादी पूर्वी कायद्याला जोडलेली होती, ज्यात कावळा, वटवाघूळ, उंदीर असे होते, ती २०२२ च्या दुरुस्तीने काढून टाकली आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आता कोणता प्राणी उपद्रवी हे केंद्र सरकारच अधिसूचना काढून ठरवतं. जुन्या ओळखीच्या माणसाने ‘कावळा मारायला हरकत नाही’ असं सांगितलं, तर ती माहिती जुनी आहे. मोसंबीला पोपटांपासून वाचवायला जाळी आहे, चमकती फीत आहे, आणि राखण आहे. या भागात शेत राखणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गोफण वापरली. ती पाखरू पाडण्यासाठी नव्हती, उडवून लावण्यासाठी होती.

एअर गनचा आपल्या पक्ष्यांशी एक जुना आणि गमतीचा संबंध आहे. १९०८ च्या सुमारास मुंबईत दहा-बारा वर्षांच्या सलीम अलींनी खेळण्यातल्या एअर गनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती, हे विचारायला मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्याला ती ओळखून दिली आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला. भारताच्या पक्षिशास्त्राची एक मोठी वाट तिथून सुरू झाली. ही गोष्ट सांगून बंदुकीचं समर्थन करणारे मला भेटले आहेत. ते विसरतात की सोसायटीच्या पायऱ्या त्या मुलाला प्रश्नाने चढायला लावल्या होत्या, आणि तो प्रश्न आज दुर्बिणीतूनही पडतो. अरुणाचल प्रदेशात, जिथे घरोघर अशा बंदुका होत्या आणि रानातली पाखरं कमी होत चालली होती, तिथे २०२१ मध्ये सरकारने एअर गन स्वेच्छेने जमा करण्याची मोहीम काढली. लोकांनी त्या मोठ्या संख्येने आणून दिल्या.

राहिली घूस. तिच्याबद्दल मला अजिबात माया नाही. ती पायाखालची माती पोखरते, धान्याची कणगी फोडते, मोरीतून घरात येते. पण ती रात्री हिंडते, तिचं डोकं दोन-तीन सेंटिमीटरांचं, आणि दहा ज्यूलचा छर्रा पोटात लागला तर ती जागीच मरत नाही. बिळात जाऊन दोन दिवसांनी मरते आणि घरभर वास सुटतो. रात्री, बॅटरीच्या उजेडात, हलत्या डोक्यावर नेम धरणं हे पुठ्ठ्यावरच्या कामाहून फार वेगळं. माझा निकष असा: ज्या अंतरावरून मारणार, तिथे तुमचे सलग पाच छर्रे दहा रुपयांच्या नाण्याखाली, म्हणजे २७ मिलिमीटरांत, झाकले जात नसतील, तर जिवंत जनावरावर बंदूक उचलायची नाही. सांगायला सोपा आहे, पण तो पार करणारे थोडेच निघतील. आणि पार केला तरी एका घुशीने प्रश्न सुटत नाही. तिच्या जातीतल्या उंदरांची पिल्लं जेमतेम तीन आठवड्यांत जन्माला येतात आणि एका वेतात सहा-आठ असतात. लोखंडी पिंजरा, बुजवलेली बिळं, झाकलेली मोरी आणि रात्री उघडं न राहिलेलं अन्न हे चार उपाय बंदुकीहून जास्त काम करतात. गव्हाणी घुबड परसातल्या झाडावर बसत असेल तर त्याला हुसकावू नका. विष घालायचं असेल तर आधी एक-दोन रात्री नुसतं भरडलेलं धान्य ठेवावं लागतं, नाहीतर घूस एकदा चाखून सावध होते. पण विषाने मेलेला उंदीर कुत्र्या-मांजराच्या तोंडी पडतो, म्हणून पिंजराच बरा. मेलेलं जनावर उचलताना हातमोजे घाला. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो.

मग बंदूक कशाला? माझ्या मते तिचं सर्वांत चांगलं लक्ष्य कागद. दहा मीटर एअर रायफल हा ऑलिंपिकचा प्रकार आहे, आणि त्याच्या लक्ष्यपत्रावरचं दहाचं वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. महाराष्ट्राने या खेळाला अंजली भागवत, सुमा शिरूर, रुद्रांक्ष पाटील असे नेमबाज दिले. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरला ४०० पैकी ४०० गुण मिळवले, रुद्रांक्ष २०२२ मध्ये कैरोत जगज्जेता झाला. त्यांच्या रायफली आपल्या स्प्रिंगच्या बंदुकीहून फार वेगळ्या आणि महाग असतात, पण अंतर तेच, छर्ऱ्याचा व्यास तोच, आणि श्वास धरून घोडा हळूच ओढायची शिस्तही तीच.

घरात बंदूक घेणारच असाल, तर तिच्याबरोबर लक्ष्यपत्रांचा गठ्ठा, चष्मा आणि छर्रे थांबवायची पेटी त्याच दिवशी घ्या. बंदूक भरलेली ठेवू नका, एकट्या मुलांच्या हाती देऊ नका. नाथसागराच्या काठी फिरायला जाताना ती घरीच कुलपात ठेवा.